पंचवीस-बारा जातीच्या हुकांबाबत अखेरचे लिहिणे

मी, गंगाधर रामचंद्र पांचाळ, वय वर्षे एकसष्ट, धंदा ओतारी, राहणार माधवनगर, जिल्हा दक्षिण सातारा, लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती छाती. धाक घालून किंवा गोड बोलून हे कोणी लिहवून घेतलेले नाही. पत्नी अनसूया वारल्यापासून घरात गोड बोलणारे कोणी नाही.

कलम १. राहते घर मुलगी प्रमोदिनी हिला, जी वाईस दिली आहे. जावई विकायला सांगतील. विकू नये. विकलेच तरी मला काही वाटायचे नाही. हल्ली फारसे काही वाटत नाही.

कलम २. साचेकामाच्या थाप्या, चाळण्या व ठोकणे कारखान्यातील ओताऱ्यांनी वाटून घ्यावे. धाकटा भाऊ मधुकर याला एकही वस्तू देऊ नये. सन १९३८ साली माझी चांगली थापी मागून नेली आणि गड्याने त्या थापीने संडासाला गिलावा केला.

कलम ३. माझी वही नव्या मिस्त्रीस द्यावी. तीत भट्टीचा ताप सोसणाऱ्या ओतीव पोलादाच्या जाती शंभर भागांच्या हिशेबाने लिहिल्या आहेत. क्रोमियम अठ्ठावीस, निकेल जवळजवळ नाही: पापुद्रे धरत नाही, पण लाल तापात भार दिला की वाकते. क्रोमियम पंचवीस, निकेल बारा: भार पेलते. पंचवीस-वीस: त्याहून जास्त ताप सोसते. निकेल पस्तीस, क्रोमियम पंधरा: पुन्हा पुन्हा तापवून थंड केले तरी लवकर तडकत नाही. यात निकेल महाग आणि लढाईच्या काळात तर परवान्याशिवाय मिळत नसे. जे काही घडले ते यामुळेच.

कलम ४. हे कलम मी सहा वर्षे टाळले.

जुलै १९४३ मध्ये भट्टीत माल टांगायचे हुक ओतायचे होते, जात पंचवीस-बारा. निकेल वाचवायला आम्ही मोड, म्हणजे निकेल असलेले जुने तुटके ओतकाम, वितळवत असू. मोडीची निवड माझ्याकडे. ज्या तुकड्याला चुंबक चिकटेल त्यात निकेल नाही, तो बाजूला टाकायचा. चिकटणार नाही तो मुशीत. ही पारख थंड तुकड्यावरच करायची, कारण लाल तापलेले कोणतेही पोलाद चुंबकाला चिकटत नाही. हे मी स्वतः वीसएक पोरांना शिकवले आहे.

त्या दिवशी पाऊस लागला होता. ओली मोड मुशीत टाकली तर रस उडतो, म्हणून ती भट्टीच्या तोंडाशी वाळत ठेवली होती. घाई होती. मी तुकडे लाल असतानाच चिमट्याने धरून चुंबक लावला. एकही चिकटला नाही. मी म्हणालो, सगळी चांगली आहे, टाका.

पाचव्या दिवशी लाल भट्टीत ते हुक वाकले आणि टांगलेला माल अर्जुनावर पडला. अर्जुना आमचा भट्टीवाला, वय वर्षे सव्वीस. संध्याकाळपर्यंत जगला.

हुकांच्या तपासणीत निकेल बाराऐवजी चार निघाले. मुशीत कोरे निकेल टाकण्याचे काम जोतीरामाचे, तो कराडकडचा. त्याने निकेल चोरून विकले असे साहेबांनी ठरवले आणि गेटावर, सगळ्यांसमोर, त्याला चोर म्हणून काढले. मी तिथे उभा होतो. तेव्हा मलाही तसेच वाटले.

आठव्या दिवशी त्याच ढिगातला उरलेला तुकडा उचलला. थंड होता. चुंबक टक्कन चिकटला. मी तुकडा नदीत टाकला आणि घरी येऊन जेवलो. जेवण घशाखाली गेले कसे, हे मला अजून समजत नाही.

जोतीरामाने काहीही चोरलेले नाही. अर्जुना माझ्या हातून मेला.

कलम ५. माझी कराडजवळची दोन एकर जमीन जोतीरामास द्यावी.

पुरवणी. साक्षीसाठी मी शनिवारी जोतीरामासच बोलावले आणि वरील सर्व वाचून दाखवले.  तो म्हणाला, "मिस्त्री, जमीन नगं. तुमी मेल्यावर ह्यो कागद कोन वाचनार? कोर्टातला कारकून. मला चोर गेटावर म्हनलं, तितंच वाचा. मग सही करतो." आणि चहा न घेता गेला. सबब कलम ५ रद्द.

आज सोमवारी पहिली पाळी सुटताना गेटावर, जोतीराम शेजारी उभा असताना, कलम ४ मोठ्याने वाचले. दोनदा खोकला आला. अर्जुनाची विधवा भामाबाई कारखान्यात वाळू चाळते, ती पुढे होती. तिने विचारले, "मिस्त्री, तुमाला हे कवा कळलं?"

मी सांगितले, आठव्या दिवशी.

ती म्हणाली, "सा वर्सं मी ह्याला शिव्या घातल्या. तुमी ऐकत व्हता."

मी हो म्हणालो. ती जोतीरामाच्या पाया पडायला वाकली. त्याने तिला वाकू दिले नाही. माझ्याकडे दोघांपैकी कोणी पाहिले नाही. जोतीरामाने कागद गेटाच्या खांबावर धरून सही केली.

लिहून देणार: गंगाधर रामचंद्र पांचाळ
साक्षीदार: १. हंबीरराव मोहिते, निवृत्त हवालदार, शेजारी. सही.
२. जोतीराम बाळा यादव, चोर नव्हे. सही.
ठिकाण: माधवनगर, कारखान्याचे गेट. तारीख १२ सप्टेंबर १९४९.