चौथी पट्टी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

दिसलं! आज अगदी स्वच्छ दिसलं. नऊ पन्नासला गच्चीवर गेलो, नऊ चौपन्नला पूर्वेकडनं आलं — पांढरी रेघ अन् तिच्या म्होरं चकाकणारा ठिपका. हैदराबाद ते पुणे. आत उजव्या, को-पायलटच्या सीटवर माझी पोरगी. शिवप्रिया.

मी हात वर केला. समोरनं एसटी आली की ड्रायव्हर ड्रायव्हरला हात करतो, तसा. एकतीस वर्षं उमरगा–सोलापूर रोडवर हात करत आलो, आता सवय सुटंल व्हय? राजेश्वरी खालनं म्हणली, उतरा आता, शेजारी हसायलेत. हसू दे की! माझ्या गाडीत चव्वेचाळीस सीटं होती. तिच्या जेटात शहात्तर हायत. बापापेक्षा बत्तीस जास्त!

हायवेकडचं रान तिच्या शिक्षणाला गेलं तेव्हा भावकी म्हणली, शांतलिंगला येड लागलंय. आता तीच भावकी तिकीट कसं काढायचं ते मला इचारती.

४ फेब्रुवारी

धुरकट होतं. दिसलं न्हाय. हात केला तरी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शिवप्रियाचा फोन. कानावर आलेली बातमी खरी हाय. तिची कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. मी त्यांना थोरली अन् धाकटी म्हणतो, एका घरातल्या जावांवानी. आता दोन्हीकडचे पायलट एका यादीत यायचे, अन् वर कोण, खाली कोण, त्यावरनं जुंपलीय. थोरलीचे म्हणतेत, तुम्ही छोट्या विमानाची माणसं, आमच्या खाली बसा. धाकटीचे म्हणतेत, जो आधी लागला तो वर.

मला कुणी समजावून सांगायची गरज न्हाय. सिनियॉरिटी म्हणजे ड्रायव्हरची आब्रू. ड्युटी कुठली, रजा कवा, गाडी नवी का जुनी — समदं तिच्यावर.

तर आता थोरलीनं एक पत्र काढलंय. धाकटीतल्या सहा को-पायलटांचा कॅप्टनचा नंबर लागलाय. त्यांनी एकेकट्यानं सही करायची, की यादीत सगळ्यांत खाली बसायला माझी हरकत न्हाय. सही केली की लगेच कॅप्टन! खांद्यावर तीनच्या चार पट्ट्या, डावी सीट. मुदत २८ तारखेपर्यंत. सहांत शिवप्रियाचा नंबर पैला. पण धाकटीच्या समद्या पायलटांनी मिळून ठरवलंय, सही कुणीच करायची न्हाय. एकानं केली की बाकीच्यांची मागणी कोसळली.

तू काय करणार, इचारलं. बघू अप्पा, म्हणली. आवाज थकलेला होता.

या बाबतीत मी काय बोलावं!

९ फेब्रुवारी, रविवार

स्टँडवर गेलो होतो. कोंडीराम भेटला. माझा कंडक्टर, बारा वर्षं एका गाडीत काढली. त्याच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. अन् आज माझ्या तरी कुठं भिजला? सांगून टाकलं, शिवप्रियाचा कॅप्टनचा नंबर लागला म्हणून. सहीचं, भांडणाचं काय सांगितलं न्हाय. आनंदाच्या गोष्टीत ते कशाला, असं वाटलं. कोंडीराम कँटीनमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

पलीकडच्या बाकड्यावर आमच्याच डेपोतला वीरप्पा होता. मला बघितलं, अर्धा चहा टाकून उठला. सात वर्षं झाली, मी बसलो की तो उठतो. जाऊ दे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काय सांगू! चौकात फ्लेक्स लागलाय. पंधरा बाय दहा. मधोमध माझी पोरगी, पांढऱ्या ड्रेसात, मागं विमान. 'उमरग्याची वाघीण कॅप्टन शिवप्रिया यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून अठरा जणांचे फोटो, त्यात कोंडीराम गॉगल लावून. त्यानंच वर्गणी काढली अन् मला पत्ता लागू दिला न्हाय. महाशिवरात्रीला सत्कार ठेवायचा म्हणतो, फेटा-बिटा समदं.

फ्लेक्सवाला हुशार. फोटोत पट्ट्या तीनच होत्या. कॅप्टनला चार लागतेत म्हणून त्यानं कॉम्प्युटरवर चौथी लावली, दोन्ही खांद्यांवर. ओळखू पण येत न्हाय!

अजून झाली न्हाय ती कॅप्टन, एवढं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ट्रकवाले काच खाली करून बघत होते, दोघा शाळेच्या पोरींनी फ्लेक्ससमोर फोटो काढला. कसं म्हणणार? होणारच हाय की, म्हणलं मनात. मी पण खाली उभं राहून फोटो काढून घेतला अन् पावण्यांच्या ग्रुपवर टाकला. आज जेवण दोन घास जास्तच गेलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वाटोळं केलं मी.

तो फोटो फिरत फिरत हैदराबादला गेला. पावण्यातल्या कुणाचा तरी पोरगा विमानतळावर कामाला हाय, त्यानं पुढं पाठवला, अन् थेट पायलटांच्या ग्रुपवर पडला. समद्यांना वाटलं शिवप्रियानं गुपचूप सही केली. कॅप्टन लिहिलंय, चार पट्ट्या दिसायलेत, खाली बाप उभा हाय हसत. अजून पुरावा कशाला पायजे?

काल ज्या कॅप्टनसंग तिची ड्युटी होती, त्यांनीच तिला सगळं शिकवलं. ते कामापुरतं बोलले. चेकलिस्ट वाचायची, उत्तर द्यायचं, बास. एरवी डब्यातलं अर्धं तिला देणारा माणूस, काल पाठ करून जेवला. ती सांगायली, मी सही केली न्हाय. कुणी ऐकंना.

मला फक्त एवढंच इचारलं, "अप्पा, चौथी पट्टी कुणी लावली?"

रागावली असती तर बरं झालं असतं.

१५ फेब्रुवारी

सकाळी शिडी नेऊन फ्लेक्स उतरवला. मीच चढलो, त्रेसष्टाव्या वर्षी. कोंडीरामला समदं सांगितलं. बिचारा रडकुंडीला आला, म्हणला मला काय माहीत रं. त्याची काय चूक? मी सांगितलं तेवढंच त्यानं छापलं. सत्कार रद्द.

घरात ठेवायला जागा न्हाय. ज्वारीच्या पोत्यांवर पसरला.

१८ फेब्रुवारी

फोन न्हाय. गच्चीवर गेलो. हात करायची लाज वाटली.

१९ फेब्रुवारी, बुधवार

फोन आला, पण आईला. थोरलीच्या ऑफिसातल्या बाईनं शिवप्रियाला बोलावून चहा पाजला. म्हणली, तुझी माणसं तर तुला गद्दार समजून बसलीच हायत. मग आता सही करायला काय हरकत? निदान पट्टी तरी मिळंल.

शिवप्रिया आईला म्हणली, मला पण तसंच वाटायलंय.

राजेश्वरीनं फोन ठेवला अन् माझ्याकडं बघितलं. तिला माहीत हाय. या घरात फक्त पोरीला माहीत न्हाय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लिहून तरी बघावं, म्हणजे तोंडानं सांगता येईल.

ऐन दिवाळीतला संप. शिवप्रिया तेव्हा शिकायला बाहेर होती. डेपोच्या गेटात समदे ड्रायव्हर-कंडक्टर बसलेले. वीरप्पा सगळ्यांत म्होरं. माझा जिवलग. लग्नात माझ्या घोड्याचा लगाम त्यानं धरलेला, शिवप्रियाच्या बारशाला पाळण्याची दोरी त्याच्या बायकोच्या हातात. दोन दिवस मी पण त्यांच्यात सतरंजीवर होतो.

तिसऱ्या दिवशी मी गाडी काढली.

लोकांना सांगत आलो, सणाचे पाव्हणे अडकले होते, लेकीबाळी होत्या. खोटं हाय. मला कुणी धमकी दिली न्हाय, कसली लालूच पण न्हाय. कुणीतरी एवढंच म्हणलं, आज गाडी काढायची छाती फक्त शांतलिंगची. माझ्या छातीवर पंचवीस वर्षं विनाअपघाताचा बिल्ला. फुगलो! पोलिसाची जीप म्होरं, मागं मी. वीरप्पा गेटात आडवा उभा राहिला. म्हणला, "शांत्या, उतर खाली." मी हॉर्न वाजवला. माझ्या वीरप्पाला मी हॉर्न वाजवला.

त्या दिवसापास्नं रिटायर होईस्तोवर समोरनं येणाऱ्या एकाही गाडीनं मला हात केला न्हाय. साडेचार वर्षं. मी करायचो. ते सरळ बघत निघून जायचे. विश्रांतीगृहात मी अंथरूण टाकलं की शेजारचा आपलं उचलायचा. निरोप समारंभाला कोंडीराम सोडून कुणी आलं न्हाय.

अपघात झाला न्हाय असं बिल्ला म्हणतो. झाला होता. एकच.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

शिवप्रिया आली, सकाळच्या गाडीनं. उपासाची खिचडी दोनदा घेतली, माझ्याशी मात्र मोजकंच. मग म्हणली, फ्लेक्स दाखवा. पोत्यांवरचा बघून आधी हसली, कोंडीरामकाकांचा गॉगल बघून अजून हसली. मग डोळे पुसत बाजूला झाली.

गच्चीवर नेलं तिला. सांगितलं समदं, हॉर्नसकट. ती कठड्याला टेकून ऐकत होती. मधी एकदाच इचारलं, गाडीत माणसं किती होती? नऊ, म्हणलं. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मग म्हणली, "तर सरळ सांगा की अप्पा, सही करू नको म्हणून."

मी म्हणलं, "मी कोण सांगणार, अव्वा? पट्टी तुझी, कष्ट तुझे. मी त्या रोडनं जाऊन आलोय, तेवढं सांगायलो. गाडी हाकताना काय वाटत न्हाय. समोरच्यानं हात केला न्हाय की वाटतं."

मग खाली गेली अन् ज्वारीच्या पोत्यावर जाऊन बसली, मागं फ्लेक्स. तीन बोटं वर केली अन् आईला म्हणली, काढ फोटो. तो पायलटांच्या ग्रुपवर टाकला. खाली काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं: चौथी पट्टी फ्लेक्सवाल्यानं लावली. माझ्या तीनच हायत. अप्पांना आनंद जरा लवकर झाला.

जाताना पाया पडली. स्टँडवर सोडायला गेलो तर बॅग मला उचलू दिली न्हाय.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पाचला मुदत संपली. सहांपैकी एकानंही सही केली न्हाय! एकानंही!

शिवप्रियाचा फोन. आता कॅप्टन कधी, कुणाला ठाऊक न्हाय. भांडण कोर्टात जाईल, दोन वर्षं लागतील का चार. थोरलीनं बाहेरनं माणसं आणून डाव्या सीटवर बसवली तर हिला त्यांच्या हाताखाली उडवावं लागंल. हे समदं तिनं मला सांगितलं, रोड बंद हाय, वळसा घालून जाऊ, अशा थाटात.

फोन ठेवून रडलो. चार पट्ट्यांचा फ्लेक्स बघून एवढा अभिमान वाटला नव्हता. खरंच सांगतो.

३ मार्च, सोमवार

काल फोनवर म्हणली, कॅप्टन बोलायला लागले. डबा पण पुढं केला. पैला प्रश्न काय इचारला, तर तुझे अप्पा अजून गच्चीवर येतात का?

आज नऊ पंचेचाळीसलाच जाऊन उभा. पूर्वेकडनं ठिपका आला. मी हात केला. अन् ठिपका लखकन चमकला — एकदा, परत एकदा. डिपर! दिवसाढवळ्या विमानानं डिपर मारला!

राजेश्वरी म्हणती ऊन पडलं असंल पंखावर. असंल. मी काय वाद घालत बसलो न्हाय.

६ मार्च, गुरुवार

वीरप्पा आला. घरी. चप्पल काढून ओट्यावर बसला. कोंडीरामनं त्याला समदं सांगितलं होतं.

म्हणला, "स्टँडवर इचारायलेत, सही न करणारी पोरगी कुणाची. म्या सांगितलं, आमच्या शांत्याची."

राजेश्वरीनं चहा आणला, पैल्यासारखा, दोन चमचे साखर घालून. त्यानं एक घोट घेतला अन् कप खाली ठेवला. मला वाटलं, उठला आता. मग म्हणला, बिनसाखरेचा द्या वैनी, पाच वर्षं झाली, शुगर हाय मला.

पाच वर्षं. मला ठाऊकच नव्हतं.