आतून शिवलेलं कापड

प्रिय ताई,

हे पत्र एकटी असताना वाच. भावोजी घरात असतील तर आधी त्यांचा चहा होऊ दे, मग उघड. फोनवर हे मला बोलता आलं नसतं, आणि तूही 'बरं बरं' म्हणून ठेवून दिला असतास.

मला मूळव्याध झाली आहे. शब्द लिहिला बघ, आणि बरोबर लिहिला. दुकानात मात्र तो तोंडातून निघेना. मशीनवर एका अंगावर बसायचो, मध्येच उठून शाळेच्या गणवेशांवरची नावं उभ्यानेच भरायचो. टेलरमास्तर म्हणाले, "खुर्चीत टाचण्या विसरलास का रे?" सगळे हसले, मीही हसलो. मग एका सकाळी रक्त दिसलं आणि मला वाटलं, संपलो आपण. तुला माहीतच आहे मी कसा आहे. शिंक आली तरी मृत्युपत्र करायला बसेन.

शेवटी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. मी म्हणालो, पोटाचं आहे. त्या म्हणाल्या, "पोटाच्या किती खाली?" तिथेच माझी निम्मी लाज गेली. त्यांनी नीट समजावलं. तिथल्या शिरा सगळ्यांनाच असतात, कुंथून कुंथून आणि तासन्‌तास बसून त्या सुजतात. पाणी भरपूर प्यायचं, पालेभाज्या आणि सालासकट फळं खायची, लागली की रोखून धरायची नाही, मोबाइल घेऊन आत बसायचं नाही. घमेल्यात कोमट पाणी घेऊन शेक घ्यायचा. पहिल्या दिवशी मी त्या घमेल्यात अडकलो! तू असतीस तर दाराबाहेर हसून हसून लोळली असतीस. आता बराच आराम आहे. बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही म्हणे.

पण तू नव्हतीस. घरी आलो की अजूनही मी आधी स्वयंपाकघराकडे बघतो. आई गेल्यावर तू तिथे ओट्याशी उभी राहून भाजी चिरायचीस आणि मला जमिनीवर बसवून ऱ्हस्व-दीर्घ गिरवायला लावायचीस. माझी शाळा सुटली, लिहिणं सुटलं नाही, ते तुझ्यामुळे. खरं सांगू? तू येत नाहीस याचा मला राग होता. दर सुट्टीत तुझं 'बघू, पुढच्या वेळी'. मागे आलीस तेव्हा जेवलीस उभ्याने, गप्पा मारल्यास उभ्याने. मला वाटलं, हिला इथून कधी एकदा निघते असं झालंय. बाबांना अजून तसंच वाटतं. काल म्हणाले, "तिचं मन नाही लागत आता आपल्यात." मला मात्र आता तसं वाटत नाही, कारण तोवर तुझे कपडे आले होते.

ढगळ होतात, आत घे, असा तुझा निरोप होता. तुझं माप मला पाठ आहे, ताई. एवढं आत घ्यायचं म्हणजे तू किती झिजलीस. पायजमे उलटे केले, तर प्रत्येकाला मागच्या बाजूला आतून दुहेरी कापड शिवलेलं. हाताचे टाके, तुझेच, बारीक. उसवायला विसरलीस. रक्ताचा डाग बाहेर दिसू नये यासाठी अगदी तसंच कापड मी माझ्या पँटला शिवलं होतं, म्हणून मला कुणी काही सांगावं लागलं नाही. इकडे यायला बसमध्ये दिवसभर तू बसणार तरी कशी होतीस?

मी डॉक्टरीणबाईंना तुझं नाव न घेता विचारलं. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. म्हणाल्या, रक्त पडतं म्हणजे मूळव्याधच, असं घरी बसून ठरवायचं नाही. वजन उतरत असेल तर आतून तपासायलाच हवं, आणि लवकर. साधंच निघेलही. पण ते बघितल्यावर कळेल. म्हणून कपडे मी आत घेतलेले नाहीत. येत्या शनिवारी मी तुला न्यायला येतोय. परतीची रेल्वेची तिकिटं काढली आहेत, बसायची नाहीत, झोपायची. खालचा बर्थ तुझा, कुशीवर पड. वरती मी पालथा. सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासाठी वेळ दिली आहे. भावोजींना काय सांगायचं ते माझ्यावर सोड, मला आता त्या शब्दाची लाज वाटत नाही. हे पत्र आधी एकदा लिहिलं होतं, त्यात 'काळजीचं कारण नाही' असं होतं. ते फाडलं. मला फार काळजी वाटते, ताई. 'बघू' म्हणू नकोस. पिशवी भरून ठेव.

तुझंच,
शेंडेफळ