कानसेनं ठोकायचं नाही

२८ ऑगस्ट २००४, शनिवार. बेलव्ह्यू.

ज्योतीनं शेवटी मला घराबाहेर काढलंच. "दिवसभर कुकरच्या शिट्ट्या मोजत बसतोस, चल," म्हणाली. तिच्या ऑफिसातला डग दर शनिवारी दुपारी आपल्या गॅरेजमध्ये खेळ मांडतो. मला वाटलं कॅरम असेल. निघालं भलतंच. एका कागदावर एक माणूस लिहायचा, तो म्हणजे आपण. डग गोष्ट सांगत जातो, दरी आली, राक्षस आला, आणि विचारतो, आता काय करतोस? आपण सांगायचं. जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. ज्यो. मला तिथं सोडून किराणा आणायला गेली. बालवाडीत सोडतात तसं.

डग म्हणाला, योद्धा हो, तलवार घे. म्हटलं, तलवार मी आयुष्यात धरली नाही, खोटं कशाला लिहू? दत्तू लोहार झालो. सामान: हातोडी, छिन्नी, पक्कड, कानस. डग "डाटू" म्हणतो. म्हणू दे.

खेळात तिसरी नेहा. तेवीस वर्षांची, जन्म इथलाच, आईवडील सांगलीकडचे. ॲम्ब्युलन्सवर काम करते. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. हाक मात्र "काका". तिच्या कागदावर मिंक नावाची चोरटी आहे. दोन वर्षं तीच खेळते. कागद घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला.

मध्येच डगनं स्क्रू ड्रायव्हरनं रंगाचा डबा उघडला. स्क्रू ड्रायव्हर त्यासाठी नसतो. मी तोंड फिरवलं.

४ सप्टेंबर, शनि.

आज भांडलो. नियम असा की जे शस्त्र म्हणून बनलेलं नाही त्यानं मारलं तर फाशातून चार वजा. खुर्ची, तवा, बाटली, हातोडी, सगळ्यांना एकच माप. म्हटलं, खुर्चीला करा वजा. पण दत्तूचा जन्म हातोडी चालवण्यात गेला, त्याला उणे चार का?

डग म्हणाला, "आयर्न डझन्ट हिट बॅक, मॅन."

हे मात्र बिनतोड. डगच्या एका गंजलेल्या पकडीला तेल लावत बसलो.

पुढे म्हणाला, वस्तू वाईट नाही, तिचं काम दुसरं आहे, एवढंच. घरी येताना डोक्यात हेच. अकरा वर्षं नाशिकला आयटीआयत फिटरच्या पोरांना शिकवलं. शिल्प निदेशक, असं पाटीवर होतं. इथं बायकोच्या व्हिसावर आलेला नवरा, कामाला बंदी. वरण बरं करतो. ज्यो. नावं ठेवत नाही. तरी माझं काम दुसरं आहे. आणि व्हिसाचं नाव काय, तर एच-फोर. इथंही चारच!

१८ सप्टें., शनि.

खेळाला गेलो नाही. भावानं नाशिकहून पत्र पुढे पाठवलंय, प्राचार्यांचं. बिनपगारी रजा ३० नोव्हेंबरला संपते. १ डिसेंबरला हजर व्हावे, अन्यथा राजीनामा पाठवावा. म्हणजे दोन महिन्यांत ठरवायचं. परत गेलो तर वर्कशॉप माझं. इथं राहिलो तर ते गेलं, कायमचं.

ज्यो.चं प्रोजेक्ट अजून तीन वर्षं. ती येणार नाही, तिनं यावं असं मलाही वाटत नाही. ती इथं काय झालीय, बघतोय ना मी. मीटिंगला निघते तेव्हा चालच वेगळी असते.

तिनं पत्र दोनदा वाचलं. फ्रिजवर लोहचुंबकाखाली लावलं. "तू ठरव."

"तुझं काय म्हणणं?"

"तू ठरव म्हटलं ना."

असा राग येतो. भांडली तरी चालली असती.

२ ऑक्टोबर, शनि.

आज माझ्यामुळे मिंक मेली.

झालं ते असं. दरीवरचा पूल. दत्तूची हातोडी आधीच नदीत गेलेली, छिन्नी आणि पक्कड पिशवीत, हातात फक्त कानस. लोखंडी जबड्याच्या कुत्र्यानं मिंकचा पाय धरला आणि तो तिला कडेकडे ओढायला लागला. डगनं विचारलं, डाटू, काय करतोस? नेहा माझ्याकडे बघतेय. "काका, हिट इट!"

आणि मी म्हणालो, कानसेनं ठोकायचं नाही.

पहिल्या दिवशी पोरांना हेच सांगायचो. कानस कडक, म्हणून ठिसूळ. तिनं घासायचं, ठोकायचं नाही, तरफ म्हणून घालायची नाही. तुकडा उडतो. माझ्या डाव्या भुवईवर खूण आहे, शिकाऊ होतो तेव्हाची. ती डगला दाखवली. पोलादाला पाणी कसं देतात ते सांगितलं. आजूबाजूला दगड आहे का, विचारलं. डगनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, तुझी पाळी गेली. नेहानं फासा टाकला. तीन.

मिंक दरीत. डगनं पुन्हा दोनदा फासे टाकायला दिले. उपयोग झाला नाही.

नेहानं कागदाला होत्या त्याच घड्यांवर घडी घातली, खिशात ठेवली. "इट्स ओके, काका." डोळे भरले होते. ओके कुठलं?

३ ऑक्टो., रवि.

कागदावरची पोर, पण घास उतरेना. ज्यो.ला सांगितलं. ती आधी हसली. मग म्हणाली, "म्हणजे तिला कुत्रा ओढत होता आणि तू लेक्चर देत होतास?"

"नियम आहे तो."

"कुणासाठी?"

 

६ ऑक्टो., बुध.

नेहाला फोन करून बोलावलं. शिरा केला. मनापासून सॉरी म्हटलं, मराठीत, इंग्रजीत सॉरी फार सोपं जातं. तिनं मान हलवली आणि शिरा दुसऱ्यांदा घेतला, त्यावरून समजलो.

मग तिनं एक सांगितलं. मागच्या आठवड्यात रस्त्यावर मोठा अपघात. ॲम्ब्युलन्समधल्या पट्ट्या, फळ्या सगळ्या संपल्या. शेवटच्या म्हातारबाबांचा हात मोडलेला. हिनं त्यांच्याच गाडीतलं जाड मासिक घेतलं, हाताभोवती गुंडाळलं, टॉवेलच्या चिंध्यांनी बांधलं.

"इट वॉज अ गार्डनिंग मॅगझिन, काका. इट हेल्ड."

"तुमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात असं?"

"दॅट इज द ट्रेनिंग."

ती गेल्यावर शिऱ्याची कढई घासली. मासिकाचं काम वाचायचं. हे त्या म्हातारबाबांना कोण सांगणार?

२३ ऑक्टो., शनि.

दसरा कालच झाला, पण इथं सगळे सण शनिवारी येतात. डग आणि नेहाला जेवायला बोलावलं. टेबलावर पाट, पाटावर ज्यो.चा लॅपटॉप. शेजारी माझी कानस. दहा इंची, मूठ मीच बसवलेली, शिकाऊ होतो तेव्हापासूनची. येताना बॅगेत घातली तर ज्यो. म्हणाली होती, "लोक लोणचं नेतात, हा कानस नेतो." आज तिनंच त्या कानसेला हळद-कुंकू लावलं. नेहानं ॲम्ब्युलन्सवरची कात्री आणली होती, कपडे कापायची. डग वडिलांची हातोडी घेऊन आला. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, गॅरेज त्यांचंच. हातोडीचा दांडा सैल होता. आधी पाचर मारून दिली, मग पुजली. सैल हातोडीला नमस्कार मी करणार नाही.

डगनं विचारलं, हे काय चाललंय? सांगितलं, आज आम्ही शस्त्रं पुजतो. तो पाटाकडे बघत राहिला. "बट दीज आर टूल्स."

"हो. हत्यारं."

"अँड व्हॉट्स युअर वर्ड फॉर वेपन?"

 हत्यार! सुताराची हत्यारं, न्हाव्याची हत्यारं, आणि पोलीस म्हणतात हत्यार टाक, तेही हत्यारच. अकरा वर्षं रोज ओरडत होतो, हत्यारं जागेवर ठेवा रे. एकदा लक्षात आलं नाही.

नेहा हसून लोळायची बाकी होती. "सेम वर्ड? काका! यू किल्ड मी ओव्हर द सेम वर्ड?"

डगनं श्रीखंडाचा चमचा खाली ठेवला आणि न्यायाधीशासारखा म्हणाला, डाटूच्या भाषेत वजाबाकी नाही. इथून पुढे त्याला उणे चार लागू नाही.

आनंद झाला, लपवत नाही. पण म्हटलं, उणे चार काढ, कानस मात्र तुटणार. ते भाषेवर नाही, पोलादावर आहे.

३० ऑक्टो., शनि.

नेहाच्या कागदावरची नवी बाई एक वैदू आहे. तिच्या झोळीत पहिली वस्तू काय लिहिली? मासिक. डगनं मान्य केलं.

तोच कुत्रा परत आला. डग मुद्दाम करतो. या वेळी वैदूचा हात धरला. दत्तूकडे तीच कानस. डगनं विचारलं, काय करतोस?

 म्हटलं, मारतो. जबड्याच्या सांध्यात. पूर्ण ताकदीनं.

सतरा. जबडा उघडला, बाई सुटली. नेहानं अशी किंकाळी मारली की शेजारी डोकावले.

मी डगला म्हणालो, आता लिही. कानस तुटली. तुकडा उडाला. दत्तूच्या डाव्या भुवईवर लागला. डग म्हणाला, असं काही व्हायची गरज नाही, तू जिंकलायस. म्हटलं, लिही. फुकट नसतं.

त्यानं लिहिलं. तीन गुणांची जखम.

आणि हे इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठं लिहिणार? तुटली याचं वाईट वाटलं. मारली याचं वाटलं नाही.

७ नोव्हेंबर, रवि.

उत्तर टाकायला हवं. पोचायला दहा-बारा दिवस धर. दोन पत्रं लिहून ठेवलीत. हजर होतो. राजीनामा. दोन्हीचं अक्षर चांगलं आलंय, हीच पंचाईत.

ज्यो. आज बोलली. भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता. "मला तू इथं हवायस. रोज. पण डगच्या गॅरेजमधून येतोस तेव्हा तुझ्या हाताला तेलाचा वास असतो, आणि तेव्हाच तू धड बोलतोस. मग मी राहा तरी कशी म्हणू? म्हणून तोंड मिटून होते."

मला वाटत होतं तिला पर्वा नाही. माणसानं किती मूर्ख असावं!

तिच्या हातून ताट घेतलं, पुसलं. दोघंही रडलो थोडे. तिला विचारलं, मी गेलो तर? म्हणाली, तर मी कुकर लावायला शिकेन. मी राहिलो तर? तिनं उरलेले चमचे पुसले.

१३ नोव्हें., शनि.

सोमवारी पोस्ट. त्याच्या आत ठरवायला हवं. दोन्ही पाकिटं कोटाच्या आतल्या खिशात घालून खेळाला गेलो.

डगनं खेळच मांडला नव्हता. गॅरेज झाडलेलं. वडिलांचा व्हाइस, लोखंड आवळून धरायचा, टेबलावर पक्का बसवलेला, गंज काढून, मी सांगितलेलं तेल लावून. स्क्रू ड्रायव्हर भिंतीवर ओळीनं. एका कोपऱ्यात रंगाचे डबे उघडायची छोटी किल्ली, खिळ्याला टांगलेली. ती मला मुद्दाम दाखवली.

नेहा म्हणाली, "काका, टीच मी. फॉर रिअल. कानस."

एवढा एक शब्द मराठीत.

म्हटलं, कंटाळशील. पहिले तीन महिने नुसतं घासायचं. लोखंडाचा ठोकळा, सहाही बाजू सपाट, काटकोनात. दुसरं काही नाही. माझी पोरं रडायची.

"ओके."

डगनं कुठून तरी लोखंडाचा तुकडा पैदा केला होता, वेडावाकडा. व्हाइसमध्ये बांधला. माझी कानस पिशवीत होतीच. तिच्या हातात दिली, अंगठा कुठं, डावा तळवा कुठं, ते दाखवलं. पाय थोडे फाकव. जाताना दाब, येताना सोड. पहिल्या घासालाच कर्रकन आवाज झाला. खांदा आवळलेला. सगळ्यांचा असतो.

दहा मिनिटांनी थांबली. बोटांवर मोजलं. "थ्री मन्थ्स. दॅट्स फेब्रुवारी, काका. यू विल बी हिअर?"

डग झाडू घेऊन उभा होता, तो एकदम नीट झाडायला लागला.

कोटावरून हात फिरवला. दोन्ही पाकिटं होती.

"खांदा सैल सोड," मी म्हणालो. "आणि थांबू नकोस."