व्याह्यांचा फिल्टर, पुस्तिकेबरहुकूम

२ मार्च, सकाळी ८
व्याह्यांना धडा शिकवायचा. ठरलं.

काल मुलीकडे सगळे जमलो होतो. तिचे दिवस भरत आलेत. बाळाला हॉस्पिटलमधून घरी कोणाच्या गाडीतून आणायचं, असा विषय निघाला. मी म्हणालो, आजोबांच्या. व्याही लगेच म्हणाले, अर्थात, माझ्याच. तुमची गाडी खोकते हो, बाळ दचकेल! सगळे हसले. मुलगी हसली, जावई हसला. ही तर डोळे पुसेपर्यंत हसली.

मी चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त करतोय. फुटपाथवर बसून सुरुवात केली, आज दुकानाला दोन शटर आहेत. बंद दाराआडून आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की वॉशर, ते सांगतो. आणि हे रिटायर्ड हेडक्लार्क मला माझ्या गाडीचा खोकला सांगणार?

बाळ माझ्याच गाडीतून येणार. व्याह्यांनी बघत राहायचं.

३ मार्च
खोकला आहे. किंचित.

बॉनेट उघडलं. एअर फिल्टर धुळीने बुजलाय. गेल्या वर्षी जावयाने आम्हा दोघांना सारखीच भेट दिली होती: धुऊन, तेल देऊन पुन्हा वापरायचा फिल्टर. गाड्याही एकाच मॉडेलच्या. म्हणजे व्याह्यांचाही बुजला असणार.

प्लॅन सुचला. इतका सोपा की मलाच माझं कौतुक वाटलं.

४ मार्च
व्याह्यांना फोन केला. म्हटलं, तुमचाही फिल्टर द्या, माझ्याबरोबर करून टाकतो. ते गहिवरले. म्हणाले, त्या दिवशीचं मनावर घेतलं नाहीत ना? मी म्हणालो, छे हो, एका कानाने ऐकलं, दुसऱ्याने सोडलं.

माझ्या कानांत गेलेलं दुसरीकडून बाहेर पडत नाही. मध्येच मुक्काम ठोकतं.

५ मार्च
दोन्ही फिल्टरना बाथरूममध्ये अंघोळ. फिल्टर धुवायचं औषध मारलं, दहा मिनिटं थांबलो, हळू धारेने धुतले. पाणी काळंकुट्ट. ही म्हणाली, फरशी कोण घासणार? मोठ्या कामात असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं. (फरशी मीच घासली.)

माझ्या फिल्टरला ओळखीसाठी लाल दोरा बांधला. दोन्ही गॅलरीत वाळत. हिचा हेअर ड्रायर मागितला, मिळाला नाही.

६ मार्च, दुपारी
आज तेल, फिल्टरचं लाल. हिने फिल्टरसोबत आलेली पुस्तिका मोठ्याने वाचून दाखवली, मी मागितली नसताना. प्रत्येक घडीवरून एकदाच बारीक धार. मग वीस मिनिटं थांबा. कुठे फिकट राहिलं तर तिथे थेंबभर. जास्त तेल घातलं तर ते आत ओढलं जातं, हवा मोजणारा सेन्सर माखतो आणि गाडी बंद पडते.

मला हसू आलं. लिहिणाऱ्याने जन्मात पंप उघडला नसेल. सुकं ठेवलेलं यंत्र आणि सुका ठेवलेला जावई, दोन्ही कुरकुरणारच.

म्हणून व्याह्यांचा फिल्टर मी पुस्तिकेबरहुकूम केला. अक्षरशः. घडीला एक धार. घड्याळ लावून वीस मिनिटं. फिकट जागी एक थेंब. उपाशी मारला! उद्या कोणी जाब विचारला तर पुस्तिका पुढे करीन.

उरलेली अख्खी बाटली माझ्या फिल्टरला. लालभडक झालाय. ठिबकतोय. खात्यापित्या घरचा दिसतो.

टीप: त्यांची गाडी बाळाला आणायला जाताना बंद पडावी, आणताना नव्हे. मी काही राक्षस नाही.

७ मार्च
व्याह्यांचा फिल्टर त्यांच्या गाडीत स्वतःच्या हाताने बसवला. इंजिन सुरू केलं. आवाजच नाही. उपासमारीत आधी आवाज बसतो. लक्षण उत्तम.

माझीही सुरू केली. भरदार घुमते. मध्येच एक उचकी. पोट भरल्याची.

९ मार्च
नात झाली! मायलेकी ठणठणीत.

हॉस्पिटल टेकडीवर. चढावर गाडी दोनदा बंद पडली. आनंदाच्या भरात क्लच चुकला असणार. मागून काळा धूर आला. जुनी घाण बाहेर पडतेय. व्याही आमच्याआधी पोहोचले होते. योगायोग.

१० मार्च
कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने हात दाखवून थांबवलं. म्हणाला, काका, फिल्टरला तेल जास्त झालंय, सेन्सर गेला. माझा सर्वांत जुना पाना त्याच्यापेक्षा वयाने मोठा आहे. ऐकून घेतलं आणि निघालो. म्हणजे निघणार होतो. त्यानेच धक्का दिला.

१२ मार्च, सकाळी ७
आज नात घरी येणार. गाडी धुतली. मागच्या सीटवर मऊ दुलई. आज व्याह्यांचं तोंड बघण्यासारखं होणार. ही म्हणाली, अहो, आपण रिक्षाने जाऊ या. माणसाने घरच्यांकडून विश्वासाची अपेक्षा ठेवू नये.

१२ मार्च, दुपारी ३
गाडी हॉस्पिटलच्या फाटकात गेली. म्हणजे वारली. वॉचमनने ढकलून बाजूला लावली.

मी मात्र फाटकातच उभा राहिलो. कान चढाकडे. व्याह्यांची गाडी कुठे धापा टाकतेय, ते ऐकायचं होतं. पाच मिनिटं झाली, काही ऐकू येईना. खालीच अडकली! मी हसायला तोंड उघडलं, तेवढ्यात खांद्यावर हात पडला. व्याही. त्यांची गाडी माझ्या पाठीशी उभी होती. इंजिन चालू.

मला ऐकू आली नव्हती.

मागे मुलगी, नात, ही आणि माझी दुलई. पुढे व्याह्यांशेजारी मी. नात घर येईपर्यंत गाढ झोपली. निघण्याआधी व्याह्यांनी नर्सला सांगितलं, वॉचमनला सांगितलं: फिल्टर आमच्या व्याह्यांनी केलाय, काय हात आहे! नंतर उतारावर हळूच म्हणाले, तुमचे कान तिखट, तुम्हीच सांगा, आहे का जरा तरी आवाज?

हे कान चाळीस वर्षांत खोटं बोललेले नाहीत. म्हणालो, नाही.

थोडं पुढे गेल्यावर त्यांनी अगदी कळवळून विचारलं, मग तुमच्या गाडीचंही असंच का नाही केलंत?

म्हणालो, तेल संपलं.