आधीच बसवलेला दगड

पप्पा,

तुमच्यावर डॉक्युमेंटरी निघाली. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे तुमची परवानगी घ्यायचा प्रश्न आला नाही. ज्यांच्यावर असलं काही निघतं त्यांनी मेलेलं असणं करणाऱ्यांना सोयीचंच असतं. तुमचं काम एका नटाने केलंय. त्याचे दंड बघून आई म्हणाली, "कैदेत ह्याला काय खायला घालत हुते?" तुम्ही सुटून आलात तेव्हा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता, असं तिने मला कितीदा तरी सांगितलंय. मी तेव्हा जन्मले नव्हते. पडद्यावर तुम्ही जळत्या विमानातून उडी टाकता, धो धो पाऊस पडत असतो (एकाहत्तरचा डिसेंबर होता, पण असो), आणि चिखलात पडल्या पडल्या तुम्ही मूठ आवळून आभाळाकडे बघता. तुम्ही मूठ आवळल्याचं मला आठवत नाही. कॅरममध्ये हरतानासुद्धा नाही.

तुम्ही सांगायचात ती गोष्ट साधी होती. तुम्ही सरहद्दीपलीकडच्या उसात पडलात. "नगरच्या माणसाला उसात परकं वाटत नाही," हे तुमचं ठरलेलं वाक्य. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावलं की ते यायचंच आणि पोरं हसायची. घोटा मोडला होता, पात्यांनी तोंड कापलं होतं, आणि काठ्या घेऊन माणसं धावत आली. त्यांच्यात एक म्हातारा होता. शेजारीच त्याचं गुऱ्हाळ चालू होतं. त्याने तुम्हाला उचलून कढईपाशी नेऊन बसवलं, स्वतः पुढे उभा राहिला आणि पोलीस येईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मधल्या वेळात तुम्हाला वाटीभर गरम काकवी दिली. "ती आपल्यापेक्षा बरी होती," तुम्ही म्हणायचात, "पण परत आल्यावर आपल्या साहेबांनी चौकशी केली तेव्हा एवढं मी सांगितलं नाही." तो म्हातारा पिक्चरमध्ये नाही. दिग्दर्शिका पुण्याची, हुशार आणि कामाला वाघ, पण तिने मला सांगितलं, "ताई, त्या म्हाताऱ्यामुळे प्रसंगातला ताण जातो." खरं आहे. त्याने ताण घालवला म्हणून तर मी जन्माला आले.

एकट्याच्या कोठडीतले दिवस तुम्ही कसे काढलेत, तेही नाही. तिथे नट भिंतीवर नखाने रेघा ओढतो. तुम्ही रोज मनातल्या मनात भिंगारच्या आपल्या चर्चची रविवारची उपासना चालवायचात. गीतं, शास्त्रपाठ, उपदेश, आणि मुख्य म्हणजे सूचना. आजोबा मिशनच्या शाळेचे हेडमास्तर आणि चर्चचे सेक्रेटरी, त्यांच्या सूचना उपदेशापेक्षा लांब. छप्पर कुठे गळतंय, हंगामाच्या सणाला कुणी काय आणायचं, मागच्या बाकावर कुणाची छत्री राहिलीय. "वचनांनी धीर दिला," तुम्ही म्हणायचात, "पण दिवस ढकलला तो बाबांच्या सूचनांनी."

दगडाची गोष्ट मात्र आहे. ती नसती तर ही मंडळी भिंगारला आलीच नसती. आधी तार आली, बेपत्ता म्हणून. मागोमाग तुमच्याबरोबरच्या कुणीतरी कळवलं, विमान पेटून खाली जाताना पाहिलं, हवाई छत्री उघडलेली दिसली नाही. त्याच सुमारास आजीच्या कबरीचा दगड बसवायला पाथरवट गावात आलेला होता. आलाच आहे तर याचाही करून घेऊ, असं ठरलं. हा विचार आपल्याच घरात होऊ शकतो. मुलगा सापडायचाय ते ठीक, पण पाथरवट पुन्हा कधी सापडेल? स्मरणाची उपासना झाली, रिकाम्या जागेवर काळा दगड उभा राहिला, आणि महिना उलटला नाही तोच दुसरी तार आली की कैद्यांच्या यादीत नाव आहे, जिवंत आहेत. वर्षभराने तुम्ही आलात, काठी टेकत कबरस्तानात गेलात, स्वतःचा दगड नीट वाचलात आणि म्हणालात, "जागा चांगली आहे, सावलीची. राहू द्या." जागा राहिली, तुम्ही आता तिथेच आहात. दगड तेवढा हातगाडीवर घालून घरी आणला, मागच्या नळापाशी पालथा टाकला, आणि आईने त्यावर तुमचे कपडे आपटायला सुरुवात केली.

त्या दगडाने घरातल्या दोन माणसांना कायमची ओळख दिली. आजोबा झाले जित्या पोराला पुरणारे हेडमास्तर. शाळेतून रिटायर झाले, सेक्रेटरीपद गेलं, तरी लोक त्यांच्यामागे हेच म्हणत. एकदा तर बाजारात भाजीवालीने त्यांच्याच तोंडावर म्हटलं होतं. ते वांगी निवडत राहिले. आणि आई झाली श्रद्धेची मूर्ती. कारण ती मिशनच्या दवाखान्यात नर्स, आणि तुमची स्मरणाची उपासना झाली त्याच दुपारी युनिफॉर्म घालून ड्यूटीवर हजर झाली. लोकांनी अर्थ काढला की हिला आतून माहीत होतं, नवरा जिवंत आहे. सासऱ्याने दगड बसवला, सुनेने विश्वास धरला. महिला मंडळाच्या वार्षिक सभेत तिला दर वर्षी उभी करतात, टाळ्या वाजवतात, ती खाली बसते. कधी एक शब्द बोललेली नाही. लोकांना ते विनयाचं लक्षण वाटतं.

मी कॉलेजात असताना याच टाळ्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला होता, आठवतंय का? रविवार आहे. तुम्ही स्वयंपाकघरात मटणासाठी कांदा परतताय, कारण रविवारचं मटण आईच्या हातात तुम्ही कधी दिलं नाहीत. कॉलेजचं मासिक ओट्यावर उघडं पडलंय, त्याच्यावर मसाल्याचे डाग. मी कौतुकाची वाट बघतेय. तुम्ही गॅस बारीक करता आणि म्हणता, "हसायला हरकत नाही. पण तू ज्याच्यावर हसतेस ते तुला माहीतच नाही. हे पुढे धंदा म्हणून करायचं असेल तर वाईट आहे." मग कांदा हलवत हलवत तुम्ही सांगितलंत. दगड आईनेच सांगितला होता. आजोबा थांबू म्हणत होते. ती म्हणाली, मामंजी, थांबून काय होणार, ते गेले. दगडावरचं वचनही तिनेच निवडलं, सगळ्यात छोटं, कारण लांब वचन तुम्हाला आवडलं नसतं. "कोठडीत मी एकच गोष्ट मागत होतो," तुम्ही म्हणालात. "तिने मला मेलेला धरावं. लवकर. दाराकडे बघत बसू नये. परत येऊन कळलं, तिने अगदी तसंच केलं होतं, चोख. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं." मी विचारलं, मग आजोबांनी सगळं स्वतःवर का घेतलं? तुम्ही झाकण ठेवलंत. "तिला गावात राहायचं होतं, म्हणून. आणि हे तिला विचारू नकोस. तिला वाटेल तेव्हा ती बोलेल."

तिला ते आता वाटलं. पंचाहत्तरी कधीच मागे पडली, गुडघे गेले, आणि कॅमेरेवाले येणार म्हटल्यावर आदल्या दिवशी मला म्हणाली, "मी सांगनार हाय."

"काय?"

"दगडाचं. मामंजी बोल खात खात गेले. मी गप बसले. आता हे लोक ते छापून ठेवनार, कायमचं. त्याच्या आधी सांगते."

पप्पा, आयुष्यभर लोकांचं ढोंग उघडं पाडून पोट भरणारी तुमची मुलगी त्यावर काय म्हणाली असेल? म्हणाली, "आई, कशाला आता?" महिला मंडळात काय होईल, तुला उतारवयात बोलणी कशाला, आजोबा आता ऐकायला थोडेच आहेत. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू पेपरात दुसऱ्यांना लई शिकवतीस."

दुसऱ्या दिवशी ती मागच्या अंगणात खुर्चीवर बसली, इस्त्रीची साडी नेसून. दगड आधीच सुलटा केला होता. अक्षरांत माती भरलेली, पण वाचता येत होतं. दिग्दर्शिकेने तिच्यासमोर गुडघे टेकून अगदी हळू आवाजात विचारलं, "काकू, सगळे म्हणत होते ते गेले. पण तुम्हाला आतून वाटत होतं ना, ते आहेत?"

आई गप्प. बराच वेळ. मग म्हणाली, "न्हाई."

"म्हणजे?"

"म्हंजे न्हाई. मला वाटलं, हे गेले. मी नर्स हाय, मानसं जातात हे मला म्हाईत हाय. दगड मी सांगितला. मामंजी नको म्हनत हुते."

"पण मग तुम्ही त्याच दिवशी ड्यूटीवर…"

"घरात बायका रडायला बसल्या हुत्या. त्यांना चहा कोन करनार?"

दिग्दर्शिका हसली, मान हलवली, म्हणाली, वा काकू, किती प्रामाणिक. माझाही जीव भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, सांगून झालं.

परवा चर्चच्या हॉलमध्ये पहिला खेळ लावला. हॉल भरला होता. महिला मंडळ पुढच्या रांगेत, आई त्यांच्यात मधोमध. शेवटाकडे तो प्रसंग आला. पडद्यावर आईचा चेहरा, मोठा. प्रश्न ऐकू येतो, तुम्हाला आतून वाटत होतं ना, ते आहेत? आई गप्प. तिचे डोळे दगडाकडे जातात, ओठ किंचित हलतात. मागे सारंगी सुरू होते. आणि तिथून थेट सरहद्दीवरचं फाटक, सुटून येणारे तुम्ही. "न्हाई" कापलं होतं. त्याच्यापुढचं सगळं कापलं होतं. तिची चुप्पी तेवढी ठेवली, आणि त्या चुप्पीचा अर्थ सारंगीने सांगितला. वर निवेदक म्हणतो, सासऱ्यांनी दगड बसवला, तिने आशा सोडली नाही.

तेव्हा अंधारात आईचा आवाज आला. मोठा नाही, वॉर्डात बोलतात तसा. "मी न्हाई म्हनाले हुते."

कुणीतरी शुक् केलं. ती उठली आणि मागे वळून उभी राहिली, बाकाला धरून. पडद्याचा उजेड तिच्या पाठीवर. "दगड मी बसवला. मामंजींनी न्हाई. त्यांना उगा बोलत आलात तुमी. मी पन बोलू दिलं."

पाळक तरुण आहेत, चांगले आहेत. ते माईकवर म्हणाले, "आजी भावनावश झाल्या आहेत."

"भावना न्हाई," आई म्हणाली. "घडलेलं सांगते. तुमी माहितीचा पिक्चर म्हनला, म्हनून."

आणि खाली बसली. पिक्चर संपला, टाळ्या झाल्या, दिवे लागले, समोसे फिरले. मला वाटलं होतं लोक तिला टाळतील. कुठलं! रांग लागली. "आजी, काय तुमची श्रद्धा. शेवटी अगदी भरून आलं." तिने पुढच्या बाईला पुन्हा सांगितलं, दगड माझा. ती बाई म्हणाली, "हो ना, किती सोसलंत." खरं सांगितलेलं माणसांना ऐकू येत नाही, ही माझी जुनी तक्रार, ती एवढ्या समोशांच्या वासात सिद्ध होईल असं वाटलं नव्हतं. दिग्दर्शिकेला बाजूला घेऊन मी विचारलं. ती ओशाळली नाही. म्हणाली, "ताई, ते वाक्य ठेवलं असतं तर प्रेक्षक काकूंपासून तुटले असते." मी म्हटलं, आणि आजोबांपासून? ती म्हणाली, त्यांचा तर फोटोसुद्धा एकच मिळाला.

निघताना मंडळाच्या अध्यक्षबाईंनी आईचे हात धरले. "वार्षिक सभेला याल ना? नेहमीसारखं?"

"येते की," आई म्हणाली. "पन ह्या खेपेला नुसत्या टाळ्या घेऊन न्हाई बसनार. मामंजींवर बोलनार हाय. वेळ लागंल. त्यांच्या सूचनांएवढा." बाई हसल्या. त्यांना ती थट्टा वाटली. मला नाही वाटली. रिक्षात ती तिच्या मुद्द्यांची उजळणी करत होती, ओठांतल्या ओठांत, आणि घरी येऊन चटकन झोपली.

हे मी खरं तर रविवारच्या सदरासाठी लिहायला घेतलं होतं. विषय आयता होता. सारंगी, समोसे, नटाचे दंड. पण पाठवणार नाही, पेपरला नाही आणि कुठेच नाही. कारण लिहिता लिहिता जिथे यायचं टाळत होते तिथे आले. पडद्यावर आईचा तो गप्प चेहरा आला आणि सारंगी वाजली, तेव्हा मला सगळं माहीत होतं. कांदा परतताना तुम्ही सांगितलेलं माहीत होतं, तिचं "न्हाई" मी माझ्या कानांनी अंगणात ऐकलं होतं. तरी ती बोलेपर्यंत, पप्पा, माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला वाटत होतं, हेच खरं असतं तर किती छान झालं असतं.