धडधाकट माणसाचा श्वास

सोमवार, ३
ताई अखेर आली. मॅमोग्राफी दोन वर्षं टाळतेय — "दाबतात म्हणे, मला नाही जमायचं." आमच्याकडे नुसतं नळीत फुंकायचं. स्तनाचा कॅन्सर श्वासावरून कळतो का, ते बघणारं हे यंत्र अजून कच्चंच आहे. फुंकली. दिवा हिरवा. "बघ, उगाच जिवाला घोर लावला होतास!" यावर विसंबू नकोस, मॅमोग्राफी करच, हे सांगायचं असतं. माझं कामच आहे ते. पण इतकी मोकळी हसत होती की जीभच रेटेना.

बुधवार, १२
सर्दी. रजा. रोज सकाळी यंत्राला पहिला श्वास माझा — निरोगी बाईचा म्हणून. दिवसभर बाकीच्यांचा त्याच्याशी ताडून बघतात; माझ्यापेक्षा जास्त काही सापडलं तरच लाल दिवा. आज नर्सबाईंना फुंकायला सांगितलंय.

शुक्रवार, १४
गेले तर सगळे यंत्राभोवती. दोन दिवसांत तीन-चार लाल दिवे, एरवी महिन्यात एखादा. मी नर्सबाईंवरच तोंडसुख घेतलं — काहीतरी घोळ घातला असणार यांनी. दुरुस्तीवाला आला. त्याने नर्सबाईंचा श्वास तसाच ठेवून महिन्याभराच्या जपलेल्या नळ्या पुन्हा चालवल्या. अकरा लाल. मग माझी नळी लावली. तीही लाल.
"यंत्र ठणठणीत आहे," म्हणाला. कोणी माझ्याकडे बघेना.
म्हणजे माझ्याशी ताडून आम्ही बायकांना हिरवा दिवा दाखवून घरी पाठवत होतो. अकरांत ताई आहे. स्वतःचं नंतर सुचलं, खरंच नंतर.

शनिवार, १५
डॉक्टर म्हणाले, "यंत्रावरून काही ठरत नाही. दोघी मॅमोग्राफी करून घ्या." ताईला फोन केला. यंत्र बिघडलं होतं, म्हटलं. खरं बोलायची हिंमत नाही झाली. "मग तूच चल बरोबर," म्हणाली.

सोमवार, १७
ताईने माझा हात असा आवळला की बोटं दुखताहेत. तिला रिक्षात बसवून दिलं आणि परत आत गेले. माझी करून घेतली. दोघींनाही गाठ निघाली; तपासायला तुकडा काढलाय.

मंगळवार, १८
काही नाही. जेवण जात नाही.

सोमवार, २४
ताईचा कॅन्सरच निघाला. रडली नाही. म्हणाली, "तू आहेस म्हणून पोरींची काळजी नाही गं." मी हो म्हटलं. माझा रिपोर्ट तासभर आधीच हातात पडला होता. तेच आहे, तिच्यापेक्षा पसरलेलं.