शेठच्या मोटारीचा मागचा कणा

अप्पा,

गेल्या आठवड्यात मी शेठच्या मोटारीच्या मागच्या कमानींतून दोन-दोन पाटे काढून टाकले, आणि तरीही माझी नोकरी शाबूत आहे. हे आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, त्यामुळे शेठ कोण आणि पाटे कसले, इथपासून सुरुवात करायला हवी.

शेठ सोलापूरच्या भवानी पेठेतले, चादरींचे माग चालवणारे. घरात तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि मोटारीशी जे तोंडाला येईल ते. हैदराबादच्या मेव्हण्याला तुळजापूरच्या घाटात मागे टाकायचं म्हणून त्यांनी जुन्या मोटारीत मुंबईहून मोठं इंजिन आणून बसवलं. इंजिन उत्तम होतं. पण जोर देऊन क्लच सोडला की मोटार पुढे जाण्याआधी मागून करडासारख्या उड्या मारायची. मागची दोन्ही चाकं एकाच कण्यावर, तुमच्या बैलगाडीसारखी, त्यामुळे एक उडालं की दुसरंही उडायचं. मी मिस्त्री आहे त्या गॅरेजच्या मालकांनी सांगितलं, पाटे वाढव, म्हणजे मोटारीचं ओझं पेलणाऱ्या कमानीत एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. सोलापुरात मोटारीच्या मागच्या बाजूला काहीही बिघडलं तरी पाटेच वाढवतात. मी वाढवले. उड्या थांबल्या नाहीत, फक्त कडक झाल्या. शेठच्या मातोश्री त्या मोटारीतून बाळीवेशीपर्यंत जाऊन आल्या, सावकाश उतरल्या, आणि म्हणाल्या की यापुढे मी टांग्यानं जाईन.

मग सल्ले सुरू झाले. शेठच्या मित्राचं म्हणणं, मुंबईहून जाडजूड शॉक ॲब्सॉर्बर मागवा. शेठना वाटे, कमानी फेकून गुंडाळीच्या स्प्रिंगा बसवाव्यात. मालकांचं म्हणणं, अजून एक पाटा. मी प्रत्येक उपायाला वहीत एक पान दिलं, फायदे एका बाजूला, तोटे दुसऱ्या बाजूला, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून. चार दिवसांत वही कुणालाही दाखवावी इतकी सुरेख झाली, पण करायचं काय ते कळेना. तेव्हा मालक म्हणाले, "रविवारी घाटात मेव्हण्यासमोर उडाली, तर सोमवारी येऊ नकोस." वहीत याला पान नव्हतं. माझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत, आणि मुलीच्या मामांना आम्ही सांगून बसलोय की मुलगा कायम नोकरीत आहे.

शेवटी मी पुढच्या चाकांना दगड लावले, दुसऱ्या मिस्त्रीला क्लच हळूहळू सोडायला सांगितलं आणि मागच्या चाकाशेजारी जमिनीवर आडवा झालो. चाक हलायच्या आधी कणाच उलटा पिळला जात होता. त्याचं पुढचं नाक वर उठायचं, पाटे सापासारखे वाकडे व्हायचे, आणि सरळ होताना मोटारीला लाथ मारायचे. हे मी आधी पाहिलेलं होतं, अप्पा. आपल्या स्वयंपाकघरात.

आपल्या गावी, मैंदर्गीत, मी बारा वर्षांचा आहे. तुम्ही केलेल्या शर्यतीच्या गाडीचा कणा बैलांच्या पहिल्या हिसक्याला बसायच्या साटीखाली सरकतोय, आणि मी तुम्हाला शहाणपणा शिकवतोय की कणा जाड करा. तुम्ही माझा दंड धरून मला आत नेता. आई ताक करते आहे. रवीला घुसळखांबाशी धरून ठेवणारी दोरी तुम्ही सोडता आणि तिला म्हणता, घुसळ. रवी डेऱ्यात नाचायला लागते. ताक माझ्या सदऱ्यावर येतं आणि आईचं तोंड तुमच्यावर सुटतं, की पोराला शिकवायला माझंच ताक घावलं व्हय. तुम्ही तिच्याकडे बघतही नाही.

"रवी जाड केली असती तर ऱ्हायली असती व्हय जाग्यावर? ओझ्याला लाकूड लागतं, लेका. हिसक्याला ताण लागतो."

मग बाहेर जाऊन तुम्ही कण्यापासून साटीपर्यंत जाड दोराचा तिरका ताण बांधलात. मी सदरा धूत बसलो होतो, तरी सगळं दिसत होतं.

मी वाढवलेले पाटे काढायचं ठरवलं. ओझ्याला मूळचे पुरेसे होते. हिसक्यासाठी दोन्ही बाजूंना कण्यापासून पुढे चासीच्या सांगाड्यापर्यंत एकेक लोखंडी दांडा, टोकांना रबर, म्हणजे खड्ड्यात कणा वर-खाली होईल पण पिळला जाणार नाही. मालक ऐकून हबकले. पाटे काढले तर शेठ म्हणतील चोरले. हे डोकं कुणाचं, असं त्यांनी विचारलं.

"इंग्रजी पुस्तकात आहे," मी म्हणालो.

पुस्तक खरंच आहे, रद्दीवाल्याकडून घेतलेलं. माझं सातवीपर्यंतचं इंग्रजी त्यातल्या पहिल्याच ओळीत रुतून बसतं. मी एक पान उघडून धरलं. चित्र, माझ्या समजुतीप्रमाणे, पाण्याच्या पंपाचं होतं. मालकांनी चष्मा लावला, चित्र नीट पाहिलं आणि म्हणाले, मग ठीक आहे.

रविवारी घाटाच्या पायथ्याशी शेठनी क्लच सोडला आणि मोटार सरळ निघाली. उडी येणार म्हणून त्यांनी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बराच वेळ दुसरा गिअर टाकायचंच राहिलं. तरी मेव्हणा मागे पडला. मालक आणि मी मागून जीपनं वर पोचलो, तेव्हा तो रस्त्यावर गुडघे टेकून शेठच्या मोटारीखाली बघत होता. मालक सगळ्यांदेखत मला म्हणाले, सोमवारी जरा लवकर ये. मग मेव्हणा उठला, गुडघे झटकले आणि मला विचारलं, "वडील पण मिस्त्रीच काय?"

मी म्हणालो, नाही, ते शेती करायचे.

पुस्तकाचं खोटं नोकरीसाठी होतं. या खोट्याला तेवढंही कारण नव्हतं. बैलगाड्या करायचे, एवढे दोनच शब्द होते. शेठ शेजारी उभे होते, मालक होते, आणि मला लाज वाटली.

तुम्हाला अक्षरओळख नव्हती. घरी येणारं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचो, आणि शाळेतून माझ्याबद्दल काही वाईट आलं असलं तर तेवढी ओळ गाळायचो. तुम्ही असता तर हेही मीच वाचून दाखवलं असतं, मातोश्रींच्या टांग्यापासून घाटापर्यंत, अगदी रंगवून. आणि मेव्हण्यानं उठून गुडघे झटकले, तिथे थांबलो असतो.